अक्कांची गैरहजेरी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थना चालू असताना हसणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे अक्का. खदाखदा नव्हे. डोळे मिटलेले, हात जोडलेले आणि तोंडभर हसू. जुन्या मैत्रिणीनं कानात काहीतरी सांगावं आणि आपल्याला हसू आवरू नये, तसं. पापाची कबुली द्यायची प्रार्थना असली, सगळी मंडळी मान खाली घालून बसलेली असली, तरी अक्कांच्या चेहऱ्यावरून ते हसू हलायचं नाही. मी डोळे किलकिले करून बघायचो. वाटायचं, आता वरून काहीतरी कोसळणार.

माझ्या बाबांना ते अजिबात खपायचं नाही. बाबा मंडळीच्या पंच कमिटीचे प्रमुख. एकदा उपासना सुटल्यावर त्यांनी अक्कांना दारातच गाठलं. "देवाच्या घरात हसू येतं कसं तुम्हाला?" अक्का वाकून चपला शोधत होत्या. तशाच वाकलेल्या म्हणाल्या, "बापाच्या घरात न्हाई हसायचं तर कुठं हसायचं वो? कचेरीत?" त्या दुपारी बाबांनी घरी मटणाच्या रश्श्यालाही नावं ठेवली.

अक्का मूळच्या गडहिंग्लजकडच्या. तिकडच्या बायकांसारखं 'मी आलो, मी गेलो' असं बोलायच्या आणि आवाज असा की पहिल्या बाकावरचा माणूस दचकावा. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात आया म्हणून झाली आणि निवृत्तीनंतर त्या उचगावात दोन खोल्यांत राहू लागल्या. रत्नाबाई हे त्यांचं नाव फक्त मंडळीच्या यादीत होतं. ते माहीत असण्याचं कारण एवढंच की यादी माझ्याकडे होती. मी शाळेत क्लार्क, अक्षर बरं, शिवाय प्रमुखांचा मुलगा. त्यामुळे मंडळीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात आपसूक पडलं. तेव्हापासून अक्का मला नावानं हाक मारेनाशा झाल्या. रविवारी पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत ओतायच्या आणि विचारायच्या, "काय सेक्रेटरी, झोप लागती का न्हाई?"

त्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलेलं असायचं. मी जन्मजात भित्रा माणूस. घराबाहेर पडताना गॅसचं बटण तीनदा बघतो, कुलूप चारदा ओढतो. धर्मातही माझं तेच. केलेल्या पापांची भीती तर होतीच, पण केलेलं एखादं पाप आठवायचंच राहून गेलं असेल, ही भीती त्याहून मोठी. लोकांना वाटायचं, पोरगा फार धार्मिक आहे.

आमच्यात लहानपणापासून एक गोष्ट मनावर ठसवलेली असते. प्रभू पुन्हा येणार, केव्हा ते कुणालाच ठाऊक नाही, आणि आला की आपल्या लोकांना क्षणात उचलून नेणार. बाकीचे इथंच राहणार. पुष्कळांना त्यात दिलासा वाटतो. मला मात्र आपण 'बाकीच्यां'त आहोत याची खात्रीच होती. लग्नाला वर्ष झालं असेल. एका दुपारी शाळेतून घरी आलो तर दार सताड उघडं, गॅसवर दूध उतू गेलेलं, आणि एस्तेरचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पत्ता नाही. तिला फोन लावला तर तो ओट्यावरच वाजला. बाबांचा फोन बंद. चर्चच्या पाळकसाहेबांचा संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आता पाळकसाहेबच संपर्क क्षेत्राच्या बाहेर म्हटल्यावर काय समजायचं? कसाबसा अक्कांचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला आवाज आला, "बोल की सेक्रेटरी!"

मला रडूच फुटलं. अक्का अजून पृथ्वीवर होत्या! आणि पुढच्याच क्षणी मनात आलं की बाबांच्या मते अक्का काही उचलल्या जाणाऱ्यांत नव्हत्याच, तेव्हा त्यांच्या असण्यानं काहीच सिद्ध होत नाही. घाबरलेल्या माणसाला धरबंध नसतो. मी तेही त्यांना बोलून दाखवलं. पलीकडून त्या इतक्या हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अरं, मी हाय न्हवं हितं? मग झालं. ऱ्हायलो तर दोघं ऱ्हाऊ. तू पयला गॅस बंद कर." एस्तेर शेजारणीचं बाळ पायरीवरून पडलं म्हणून हातातलं टाकून धावली होती. ती परत आली तेव्हा मी गॅस बंद करून खाली फरशीवर बसलो होतो.

आता एका पत्राबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, तीन महिन्यांतून एकदा होतं. पावाचे छोटे चौकोनी तुकडे असतात, त्यांना आम्ही भाकरच म्हणतो. आदल्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता तयारीची सभा. मूळ कल्पना फार चांगली होती. ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याकडे जावं, मिटवून घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या मनानं प्रभूच्या मेजाशी यावं. आजोबांच्या काळी माणसं या सभेत एकमेकांच्या गळ्यात पडून रडायची म्हणे. आमच्या काळात तिची नुसती हजेरी उरली. बाबा नावं पुकारायचे, माणसं 'हजर' म्हणायची, मी यादीवर खूण करायचो. वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारे दोन सख्खे भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून 'हजर' म्हणायचे आणि रविवारी एकाच ताटातली भाकर उचलायचे. ते नियमात बसत होतं. लागोपाठ तीन सभा चुकवणाऱ्याला मात्र प्रभुभोजन बंद, आणि तसं पत्र घरी. अक्कांच्या तीन सभा चुकल्या होत्या.

कमिटीत कुणीतरी भर घातली की अक्का शनिवारी संध्याकाळी शेजारच्या जैनांच्या घरी असतात आणि सूर्य बघत बसतात, त्यांनी म्हणे तिकडचं व्रत धरलंय. बाबा म्हणाले, "पत्र काढा." विचारून तरी बघूया, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण बोललो असतो तर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या असत्या. मी खाली बघून पत्र लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिलं, याची मला आजही लाज वाटते.

पत्र द्यायला गेलो तो प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यातला शनिवार होता. अक्कांच्या दाराला कडी. शेजारच्या घरातून त्यांचा आवाज येत होता, म्हणून तिकडे डोकावलो. कॉटवर चौगुले आजी उशांना टेकवून बसवलेल्या. वय नव्वदीचं, अर्धांगवायूनं एक बाजू आणि वाचा गेलेली. शेजारी अक्का, हातात दूधभाताची वाटी. मला बघून म्हणाल्या, "बरा आलास. हितं दारात हुबा ऱ्हा आन् सूर्य बघ. बुडाया लागला की सांग मला."

आजींनी जन्मभर सूर्यास्तानंतर अन्न घेतलं नव्हतं. वाचा गेली तरी ते गेलं नव्हतं. दिवा लागला की त्या तोंड फिरवायच्या, ते सकाळपर्यंत. रोज सून कारखान्यातून पाचला यायची आणि भरवायची. शनिवारी तिची सुट्टी सातला व्हायची. त्या दिवशी दुसऱ्या शेजाऱ्यांपैकी कुणी भरवायला बसलं तर आजी दोन घासांतच दमून जायच्या आणि भरवणाराही कंटाळायचा. अक्कांना अख्खा तास लागायचा आणि त्या अख्खा तास बसायच्या.

मी दारात उभा राहिलो. खिशात पत्र, समोर उसाच्या फडावर टेकत चाललेला सूर्य. एक घास गिळायला आजींना किती वेळ लागत होता! आयुष्यभर मी स्वतःच्या काळजीनं घामाघूम झालो, दुसऱ्याच्या घासासाठी मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच झालो. "अक्का, निम्मा गेला!" मी ओरडलो. "अव्वा, आ कर गं माझी बाय. ह्यो शेवटला." शेवटचा घास गेला, दोन घोट पाणी गेलं, अक्कांनी पदरानं आजींचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "जिकली अव्वा!" आजींचा चेहरा अर्धाच हलत होता. तेवढ्या अर्ध्या चेहऱ्यानं त्या हसल्या.

बाहेर आल्यावर मी पत्र दिलं. अक्कांनी ते हात लांब धरून वाचलं.

"तुम्ही कमिटीला हे सांगितलं का नाही?"

"इचारलं कुनी?"

"पण अक्का, ते व्रत त्यांच्या धर्माचं. आपल्यात..."

"तिचंच हाय ते. माझं कुठं हाय? मी नऊ वाजता सुकट भाजून खातो आन् झोपतो. पर ती उपाशी ऱ्हायली तर माझा घास उतरत न्हाई. एवढंच हाय बग."

"राग आला का?"

"आला की. मानूस हाय मी." त्या पायरीवर बसल्या. पत्राची घडी घालता घालता मला म्हणाल्या, "तू लई भितोस रं सेक्रेटरी. देवाला भितोस का बाबांना?"

"दोघांना," मी खरं ते सांगितलं.

"मग कुनावर माया करायला तुला येळ कवा मिळतो?"

पुढचा अख्खा आठवडा मी बाबांना सांगायची वाक्यं जुळवत होतो. एस्तेर रोज म्हणायची, आज सांगा. एका रात्री जेवताना बाबांनीच विचारलं, "पत्र पोचलं?" मी म्हणालो, "पोचलं." बाकीची वाक्यं भाताबरोबर गिळली.

रविवारी अक्का आल्या. शेवटच्या बाकावर, खिडकीशी. भाकरीचं ताट ओळीओळीनं फिरवायचं काम सेक्रेटरीचंही असतं आणि ती ओळ माझ्याकडे होती. अक्कांचे दोन्ही हात मांडीवर होते. समोरून बाबा बघत होते. नुसतं क्षणभर थांबलो असतो तरी पुरलं असतं. मी ताट त्यांच्यावरून पलीकडच्या बाईंकडे नेलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं. तापानं फणफणलेल्या पेशंटकडे त्या जशा बघत असतील, तसं. मग गीत सुरू झालं आणि सगळ्यांत मोठा आवाज शेवटच्या बाकावरून आला.

वाढणारे सगळ्यांत शेवटी खातात. बाबांनी माझ्या तळहातावर तुकडा ठेवला. तो मला तोंडापर्यंत नेता येईना. अयोग्यपणे खाल्लं तर पाप, नाही खाल्लं तर नाकारल्याचं पाप. मी मूठ मिटली आणि ती खिशात घातली. चार दिवसांनी एस्तेरनं पँट धुवायला काढली आणि विचारलं, "खिशात पावाचा चुरा कसला हो?" "शाळेत खाल्ला होता," मी म्हणालो. त्यात आणखी एका खोट्याची भर पडली.

दोन महिन्यांत अक्कांनी अंथरूण धरलं. त्यांना त्यांच्याच जुन्या दवाखान्यात ठेवलं होतं. सगळ्या आया त्यांना ओळखत होत्या. मी सकाळी गेलो तेव्हा नुकताच चहा-पाव येऊन गेला होता. अक्का अगदी वाळल्या होत्या, आवाज तेवढा शाबूत होता. "अव्वाकडं शनवारी कोन जातंय?" हा पहिला प्रश्न. सुनेनं शनिवारची वेळ बदलून घेतली, असं सांगितल्यावर त्यांनी डोळे मिटले. मी स्टुलावर बसलो आणि पाठ केलेलं बोलायला लागलो. "अक्का, त्या रविवारी माझ्या हातून..."

"त्या दिवशी तू तुकडा खाल्ला न्हाईस," त्या म्हणाल्या.

माझा हात आपसूक खिशाकडे गेला.

"शेवटच्या बाकावरनं समदं दिसतंय. मला भाकर न्हाई मिळाली त्याचं काय न्हाई. पर तू ताट हातात घिऊन उपाशी ऱ्हायलास. मला लई वाईट वाटलं रं." त्यांनी पाव उचलला. हातात जोर नव्हता, दोन प्रयत्नांत मोडला. अर्धा माझ्यापुढं धरला. "घे. खा."

"माझं बोलणं व्हायचंय अजून, अक्का."

"आदी खा. बोलनं काय, हुतंय मागनं."

मी खाल्ला. हात धुतले नव्हते, प्रार्थना केली नव्हती, क्षमासुद्धा मागून झाली नव्हती. वॉर्डातला तो शिळा पाव घशाखाली उतरला आणि मी लहान पोरासारखा हुंदके देऊन रडलो. अक्का उरलेला अर्धा चहात बुडवून खात होत्या आणि हसत होत्या.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. चौगुले आजी, सूर्य, ताट, खिशातला चुरा, सगळं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. एवढंच म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही." मी म्हणालो, "आपण विचारलं नाही." मग त्यांनी पाळकसाहेबांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पांढऱ्या रुमालात भाकर घेऊन दवाखान्यात गेले. अक्का पहाटेच गेल्या होत्या.

बाबा एकटेच घरी आले आणि स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. हातातला रुमाल तसाच होता. मंडळीच्या प्रत्येक नियमाचं कलम ज्यांना तोंडपाठ, ते माझे बाबा मला विचारत होते, "या भाकरीचं आता काय करायचं रे?" त्यांनी रुमाल ओट्यावर ठेवला. "मी त्या बाईंना कधी साधं, कशा आहात, म्हणूनसुद्धा..."

मी रुमाल सोडला. तीन तुकडे होते. एक एस्तेरला दिला, एक मी घेतला आणि एक बाबांच्या हातावर ठेवला.

"आधी खा, बाबा," मी म्हणालो. "बोलणं काय, होतंय मागनं."