दौलूअण्णा आणि हौसा

दौलूअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माळावर काठीनं नेम धरून उभे होते. काठी खांद्याला लावलेली, एक डोळा मिटलेला. पुढं पांढरी-तपकिरी कुत्री, एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक बोरीच्या जाळीकडं. अण्णांनी जाळीत खडा टाकला. भुर्रकन दोन तित्तर उडाले आणि हा साठीचा माणूस घसा फोडून ओरडला, "ठो! ठो!" मग कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "शाब्बास! दोनी पडली बघ." तित्तर तोवर टेकडीपलीकडं पोचले होते. मी जनावरांचा डॉक्टर, पलूसहून विट्याकडच्या या कोरड्या गावात नुकताच बदलून आलेलो. मनात म्हटलं, घ्या, दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच गावातलं पहिलं येडं भेटलं.

येडं कसलं, गावातला सगळ्यात शहाणा माणूस होता तो. तरुणपणापासून अण्णांनी एकच काम केलं होतं. सांगली-साताऱ्याकडून शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना माळ दाखवायचा. एका फौजी साहेबानं जाताना आपली पॉइंटर जातीची कुत्री त्यांना दिली आणि तिचाच वंश अण्णांनी पुढं चालवला. ही कुत्री पाखराच्या अंगावर जात नाहीत. वास लागला की जागीच गोठतात आणि नाकानं दाखवतात, इथं आहे. पुढं शिकारीवर बंदी आली. अण्णांनी बंदूक ठाण्यात जमा केली, ती परत मागितली नाही. पण कुत्री ठेवली. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "सरकारनं पाखरू मारू नगा म्हनलंय. कुत्रं थांबवू नगा म्हनलंय व्हय?"

रविवारी सांगलीचे दोन-चार हौशी लोक यायचे, बँकेतले, शाळेतले. अण्णा त्यांना कुत्रीमागं हिंडवायचे. पांढरा सदरा चालायचा नाही, बोलणं चालायचं नाही. एका हेडमास्तरांना सगळ्यांदेखत झापलं होतं, "मास्तर, ही शाळा न्हाई. वराडू नका. आज इथं तुमी पोरगं हायसा." पाखरू उडालं की ज्याची पाळी असेल त्यानं काठी खांद्याला लावून तोंडानं बार काढायचा. लाजत लाजत हळू ओरडलं तर अण्णा चिडायचे. "आवं, कुत्रीला ऐकू जाऊ दे की! तिनं एवडी मेहनत केली."

हौसा ही त्या वंशातली शेवटची. तिला थांबायला शिकवताना मी बघितलंय. पुढं भाकरीचा तुकडा, अण्णांचं बोट वर. बोट खाली येईस्तोवर तोंड लावायचं नाही. आणि गंमत म्हणजे अण्णा स्वतःही ताट पुढं आलं की घटकाभर तसेच बसायचे. त्यांच्या बायको, काकी, करवादायच्या, "गार हुतंय की, गिळा आता!" अण्णा म्हणायचे, "तिला सांगायचं आनि आपन हात घालायचा? असं न्हाई चालत." पळणारी कुत्री ढिगानं मिळतात, थांबणारं एखादंच, हे तर ते चहा पिता पिताही ऐकवायचे. पाहुण्यांनी तिचं कौतुक केलं की अण्णा दुसरीकडं बघायचे, पण मिशी हलायची.

त्यांच्या मनात एकच गोष्ट खुपत होती. एकदा हौसाच्या कानातल्या गोचिड्या काढता काढता ते बोलून गेले, "डाक्टर, हिच्या आईनं, आजीनं खरं पाखरू पडलेलं बघितलंय. ही बिचारी बंदीनंतर जल्मली. नुसतं तोंडानं बार काढून हिला किती दिस फसवू?"

त्यातच साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या बाजूला पुण्याच्या एका बड्या आसामीनं शिकारीचं रान काढलं. तारेचं कुंपण, आत पेरलेलं गवत, आणि पिंजऱ्यात वाढवलेले जपानी लावे. पाहुणे येणार, लावे गवतात सोडणार, बंदुकीनं मारणार. कायद्यात बसत होतं की नाही, त्याचं त्याला ठाऊक. त्याला एक कुत्री हवी होती आणि कुत्री हाताळणारा माणूस. अण्णांना निरोप आला. त्यांनी दाढी केली, ठेवणीतला पटका बांधला, आणि मलाही ओढलं. "चला डाक्टर. आज हौसाचं लगीन समजा."

पहिल्याच गवतात हौसा थांबली. काय थांबली! पाहुण्यांनी बंदुका खांद्याला लावल्या. अण्णांनी मालकाच्या माणसाला खूण केली, त्यानं गवत हलवलं. लावा उडालाच नाही. उडणार कसा? जन्मात पिंजऱ्याबाहेर पंख पसरले नव्हते त्यानं. तो तुरुतुरु चालत थेट हौसाच्या नाकाखाली येऊन बसला. हौसानं अण्णांकडं बघितलं. परत लाव्याकडं. तिचं अंग थरथरत होतं. पाहुणे हसायला लागले, कुणीतरी शिट्टी मारली, आणि तिनं तोंड घातलं. टाळ्या पडल्या.

अण्णा तेव्हाच साखळी घालून निघाले असते तर! पण पुढचा लावा उडाला, बार झाला, पाखरू पडलं. किती वर्षांनी तो आवाज ऐकत होते ते. चेहरा एकदम तरणा झाला. "आणखी एक," पाहुणे म्हणाले. "आनकी एक," अण्णाही म्हणाले. मधले काही लावे उडायचे नाहीत, नुसते चालत यायचे आणि हौसा ते धरायची. ऊन कलेपर्यंत तिचं थांबणं संपलं. वास आला की उडी. परत येताना एसटीत अण्णा वाईचा फाटा येईपर्यंत हौसाचे कान चोळत होते. मग म्हणाले, "घरच्या माळावर आली की थांबंल." ते मला सांगत होते की स्वतःला, कुणास ठाऊक.

थांबली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं बोरीत झेप घेतली आणि पिलांवर बसलेली तित्तराची मादी तोंडात घेऊन आली. शेपूट हलवत ती अण्णांच्या पायाशी ठेवली आणि वर बघत बसली, शाब्बासकीसाठी. वाटलं, आता मारतात. त्यांनी मारलं नाही. पाखरू उचललं, पटक्याच्या टोकात गुंडाळलं. "तिचं काय बी चुकलं न्हाई. सा म्हैनं लावून जे शिकवलं ते मीच एका दिसात मोडलं. हावरा झालो, डाक्टर. थांबाय मलाच आलं न्हाई."

त्या दिवसापासून हौसा दारात बांधलेली. रविवारच्या पाहुण्यांना अण्णांनी वाटेवरूनच परतवलं. मी म्हटलं, "परत शिकवा की." तर म्हणाले, "फुटल्यालं मडकं चुलीवर ठेवत न्हाईत." माझा संताप झाला. कुत्री म्हणजे काय मडकं आहे?

थंडीत अण्णांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. काकी मला म्हणाल्या, "हिला तेवडं फिरवून आना, बांधून बांधून पाय धरलं तिचं." मी दवाखान्याआधी तिला नेऊ लागलो, साखळी मनगटाला गुंडाळून. एका सकाळी तिनं हिसडा दिला आणि सुटली. मी शिव्या देत मागं धावलो. ओढ्याच्या वरच्या अंगाला, हुलग्याच्या रानात ती उभी होती. पाय उचललेला, शेपूट ताठ. पुढं तित्तर बसलेला मला स्वतःला दिसत होता. आता मारते उडी, मग मारते, म्हणून मी जागीच उभा राहिलो. तित्तर थोडा चालला, उडाला, दिसेनासा झाला. हौसा जागची हलली नाही. का थांबली, मला विचारू नका. मी जनावरांच्या अंगाचा डॉक्टर आहे, मनाचा नाही.

मी पळतच घरात शिरलो. "अण्णा, थांबली! हौसा थांबली!"

अण्णा आढ्याकडं बघत होते. वाकड्या झालेल्या तोंडानं सावकाश म्हणाले, "तुमी लय चांगलं मानूस हायसा, डाक्टर."

"अहो, खोटं नाही सांगत! आईशपथ थांबली!"

त्यांनी उजव्या हातानं माझा हात थोपटला. मी रडकुंडीला आलो. "उद्या जीप आणतो. आतच बसा, डोळ्यांनी बघा."  मग मान हलवली. "नगं. आनि न्हाई थांबली तर?"

त्यानंतर रोज नेली, रोज थांबली. रोज येऊन सांगितलं आणि रोज त्यांनी माझा हात थोपटला. संक्रांतीच्या तोंडावर अण्णा गेले.

अंत्ययात्रेची वाट माळावरूनच होती. मी पुढच्या अंगाला खांदा दिला होता. हौसा आमच्या बाजूनं चालत होती. करडईच्या बांधापाशी ती एकदम ताठ झाली, पाय उचलला, नाक पिकाकडं. मी थबकलो, मान वळवून पाखरू उडायची वाट बघू लागलो. मागून कुणीतरी म्हणालं, "चला डाक्टर, पाय उचला," आणि मला पुढं जावं लागलं.