नलूचं नाव लागावं म्हणून

दुपारची जेवणं झाली आहेत. मी डाव्या कुशीवर पडले आहे, कारण उजव्या खुब्यात आता स्टीलचा रॉड आहे. उशीशी मोबाइल ठेवला आहे. खाली फरशीवर नलू शेंगा फोडते आहे. एक शेंग फोडते, थोडी थांबते, मग दुसरी घेते. माझ्या पापण्या जड होतात आणि तो आवाज लांब लांब जायला लागतो.

नलू माझी मुलगी. चव्वेचाळीस वर्षांची झाली, पण समज सात-आठ वर्षांच्या लेकरापुढे गेली नाही. मी सोलापुरात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहेतीस वर्षं ऑपरेटर होते. तिचे वडील गेल्यापासून माझ्या पेन्शनीवर आम्हा दोघींचं चालतं. माझ्यामागे ती पेन्शन तिला मिळू शकते, पण त्यासाठी माझ्या कागदांत तिचं नाव लागलं पाहिजे. 'बघू, करू' म्हणत मी वर्षं घालवली, आणि मग दिवाळीच्या आधी न्हाणीत पाय घसरून पडले. आता जिना उतरवत नाही. पेन्शनचं ऑफिस पुण्याला. मी गेले तरी नलूला कुणाजवळ ठेवायचं?

पेन्शनवाल्यांच्या मदतीसाठी एक नंबर आहे, असं शेजारच्या गुरुजींनी सांगितलं. तो मी तीनदा लावला. 'मराठीसाठी दोन दाबा' असं यंत्र बोलायला लागलं की मी घाबरून फोन बंद करायचे. जन्मभर लोकांना फोन जोडून दिलेली बाई मी! काल चौथ्यांदा लावला आणि धीर धरून शेवटपर्यंत बटणं दाबली. आमचे अधिकारी तुम्हाला फोन करतील, असं यंत्र म्हणालं. कालपासून वाट बघते आहे.

शेंग फुटते. खट्. मग खट् खट् खट्, आणि त्या शेंगा नसतातच. एक्स्चेंजच्या मागच्या खोलीतली यंत्रं बोलताहेत. मी माझ्या जागेवर बसले आहे. समोर बोर्ड आहे, त्याच्यावर बारीक दिवे लागताहेत, विझताहेत. शेजारच्या खुर्चीवर अंबू गाजूल आहे.

अंबूला जाऊन आठ वर्षं झाली. ते मला ठाऊक आहे, तरी नवल वाटत नाही. ती चाळिशीतली दिसते. अंबाड्यात अबोली, कानावर हेडफोन, पदर कमरेला खोचलेला.

"किती उशीर गं यमू," ती म्हणते.

"जिना उतरता येत नव्हता."

"मग आलीस कशी?"

मी बोर्डाकडे बघते. बोर्ड लांबत जातो, आणि जिथे खुर्च्या संपायच्या तिथे लोखंडी खाटा लागतात. फिनेलचा वास येतो. हा दवाखान्याचा वॉर्ड आहे. तिसऱ्या खाटेवर अंबू आहे, डोक्याला फडका बांधलेली, मनगट काडीसारखं झालेली.

हा वॉर्ड मी कधी पाहिलाच नव्हता. दोन महिने ती इथे होती आणि मी एकदाही आले नाही.

"मी आले नाही गं," मी म्हणते. आठ वर्षं घशात अडकलेलं वाक्य किती सहज निघतं!

"नलूला कुठं टाकून येणार होतीस?"

"तरी एकदा तरी यायला पाहिजे होतं."

"रोज संध्याकाळी सहाला तुझा फोन यायचा," अंबू म्हणते. "सिस्टर माझ्या कानाला लावून धरायची. शेवटी शेवटी मला बोलता येईना, तरी तू आपली बोलतच राहायचीस. भाजी काय केली, नलूनं कुणाशी भांडण काढलं."

"तुला ऐकू यायचं?"

"सगळं यायचं की. आणि ऑपरेटर असून काय विचारतेस? माणूस जातीनं गेल्याशिवाय काही पोचत नसतं, तर सरकारनं आपल्या दोघींना इतकी वर्षं पगार कशाला दिला असता?"

मला हसू येतं, आणि हसता हसता डोळे भरून येतात. अंबू खाटेवरून पाय खाली सोडते. ते पाय एक्स्चेंजच्या फरशीवर टेकतात. अबोलीचा गजरा परत आला आहे. माझ्यासमोर बोर्डावर एकच दिवा लागलेला आहे. तो विझत नाही.

"तुझा आहे," ती म्हणते.

"मला यंत्राशी बोलवत नाही, अंबू."

"यंत्र नाही. बाई आहे, मी ऐकलंय. घे लवकर, लाइन जाईल." ती स्वतःच्या कानावरचा हेडफोन काढून माझ्या कानाला लावते. तो गरम असतो.

"नमस्कार. यमुना सरवदे बोलताय का?"

"बोलतेय," मी म्हणते. आवाज माझा ड्यूटीवरचा निघतो, स्वच्छ आणि ठाम. किती वर्षांनी ऐकला मी तो!

"तुम्हाला मुलीचं नाव लावायचं आहे ना? पूर्ण नाव सांगा."

"नलिनी दत्तू सरवदे."

"त्या स्वतः काही कमावतात?"

"नाही हो. शेंगा फोडते. एक मला देते, एक स्वतः खाते."

पलीकडची बाई जराशी हसते. "अपंगत्वाचा दाखला आहे?"

"सिव्हिल हॉस्पिटलचा आहे. कपाटात ठेवलाय."

"मग त्याचा आणि त्यांच्या आधार कार्डाचा फोटो काढून पाठवा. कुठे पाठवायचा ते मेसेजमध्ये येईल. पुढे आणखी काही लागलं तर मी फोन करीन."

"मला यावं लागेल का हो? खुबा मोडलाय माझा."

"नाही बाई, तुम्ही यायचं नाही. अर्जाचा नंबर देते, लिहून घ्या."

मी कागद शोधते. टेबलावर कागद नाही, पेन नाही, टेबलही नाही. आम्ही उघड्यावर कुठेतरी उभ्या आहोत, आणि ऊन पडलं आहे.

"आकडे मोठ्यानं म्हण," अंबू सांगते. "आपण म्हणायचो तसे. एकेक सुटा."

पलीकडून एक आकडा येतो की मी तो म्हणते. "चार. शून्य. सात. सात." माझ्या हातावर काहीतरी गार गार फिरतं आहे. अंबूनं माझं मनगट धरलं आहे. "नऊ. एक. सहा. तीन."

"बरोबर," बाई म्हणते, आणि लाइन शांत होते.

अंबू उठते, पदर सोडून नीट करते. तिची ड्यूटी संपली आहे.

"सहाला फोन लावू का गं?" मी विचारते.

"लाव की," ती म्हणते.

मी डोळे उघडते. ऊन भिंतीवर सरकलं आहे. मोबाइल माझ्या गालाखाली आहे आणि चांगलाच तापला आहे. नलू पलंगाला टेकून बसली आहे. माझा हात तिच्या मांडीवर आहे आणि तिच्या मुठीत पेन.

मनगटापासून कोपरापर्यंत निळे आकडे आहेत. मोठे, वाकडे, एकमेकांना धक्का देणारे.

"हे कुणी लिहिलं?"

"मी. तू म्हणत होतीस मोठ्यानं."

"मी झोपले होते ना गं?"

"डोळे मिटले होते," नलू म्हणते. "फोनवर बोलत होतीस."

लहानपणी खास मुलांच्या शाळेत ती आकडे शिकली होती. त्यानंतर तिला काही लिहिताना मी पाहिलेलं नाही.

मोबाइलवर तीन वाजून दहा मिनिटांनी आलेला एक फोन दिसतो. अकरा मिनिटं बोलणं झालं आहे. त्याखाली एक मेसेज. मी चष्मा लावते आणि मेसेजमधला नंबर वाचायला लागते. नलू माझ्या हातावर बोट ठेवते. मी एक आकडा म्हणते, तिचं बोट पुढे सरकतं. चार, शून्य, सात, सात, नऊ, एक, सहा.

सगळे जुळतात. शेवटचा तीन तेवढा उलटा काढलेला आहे.