सकुबाईची नळी

लॅबमध्ये आयुष्य काढलं की डोक्यात रिपोर्ट राहत नाहीत, माणसं राहतात. आमच्या भंडाऱ्याच्या लॅबचे किस्से सांगायला बसले तर चहा तीनदा गरम करावा लागेल. म्हणून आज फक्त सकुबाईचे.

*

सकुबाई दिघोरी गावची. उन्हाळी धानाच्या रोवणीला ऐन थंडीत बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यातल्या पाण्यात, उतरली की तिची बोटं निळी पडायची. त्या वर्षी हाताची दोन काळी झाली. कापावी लागतील, असं कुणीतरी तिला सांगून टाकलं होतं.

मला म्हणाली, "ताई, पायाचे कापा म्हणा. हाताचे राहू द्या, रोवा लागते नं!"

मला हसू आलं. रक्त काढायला मी तिचा हात हातात घेतला.

*

आमचे शिपाई श्यामराव म्हणजे बर्फाचे भक्त. नागपूरच्या मोठ्या लॅबला जाणारी रक्ताची प्रत्येक नळी ते बर्फात पुरायचे. सकुबाईचीही पुरली. रिपोर्ट आला नॉर्मल!

"पाहा, बर्फात रक्त कसं ताजं राहते!" श्यामराव खूश.

*

त्याच रक्तातलं थोडं सीरम आम्ही आधीच काढून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी ते पाहिलं तर तळाशी पांढरा साका. थोडा वेळ मुठीत धरलं, साका गायब!

"अगं, हिच्या रक्तातलं प्रोटीन थंडीत खोबरेल तेलासारखं गोठतं! बारीक नसा त्यानंच बंद होतात. आपण बर्फात पाठवलं, ते वाटेतच रक्ताच्या गाठीत अडकून बसलं. तपासणाऱ्याला सापडणार काय, कपाळ?"

श्यामरावांनी बर्फाचा डबा हळूच टेबलाखाली सरकवला.

*

सकुबाईचं रक्त पुन्हा काढलं. आता नळी नागपूरपर्यंत अंगाइतकी गरमच न्यायची होती. थर्मासचं झाकण फुटकं. तेवढ्यात सकुबाईचा नवरा गोविंदाभाऊ बाकावरून उठला. नळी घेतली आणि काखेत दाबली. सोबत श्यामराव, पुढचं त्यांनीच सांगितलं. एसटीत बसायला जागा नाही.

कंडक्टर म्हणाला, "तिकिटाचे पैसे काढा नं, हात कायले अडकवून ठेवले?"

गोविंदाभाऊचं उत्तर, "एक दांडीले हाये, एक बायकोले!"

या वेळी आजार सापडला. औषधं सुरू झाली. एका करंगळीचं टोक गेलं, बाकी सगळी बोटं वाचली. त्या दिवशी मी लॅबमागे जाऊन पोटभर रडले.

*

दोन वर्षांनी दोघं पुन्हा आली. सकुबाईची साधी साखरेची तपासणी. मी रक्त काढलं, नळी टेबलावर ठेवली, चिठ्ठी लिहून वळले तर नळी नाही! गोविंदाभाऊंच्या काखेत.

"अहो भाऊ, ही थंड झाली तरी चालते!"

"तुमाले चालत असंन, ताई."