फोटोत तिघंच

आमच्या घरात किस्से सांगायचं खातं माझ्याकडे आहे. बारसं असो, बारावं असो—हा पोट सुटलेला इसम कोपऱ्यात बसून चार माणसांना हसवणारच. पण हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही—आणि तिला तर माझी एटीएमची पिनसुद्धा पाठ आहे. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या घरी येणार नाही, म्हणून असेल.

संज्या माझा धाकटा भाऊ. लालबागला आमच्या चाळीत भजनमंडळ होतं, त्यात पखवाज मी वाजवायचो. बरा वाजवायचो—असं माझं मत. एका संध्याकाळी बुवांनी संज्याला सहज बसवून बघितलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू झांज घे रे. ह्येका बसांदे पखवाजार." सगळे हसले. मीही. हा किस्सा मी कितीतरी वेळा सांगितलाय, झांजेच्या आवाजासकट. पण आत काय झालं—ते कधी सांगितलं?

पुढे संज्या एका बँडमध्ये गेला. दोन गिटारवाले, एक गाणारी, आणि मागे पखवाज घेऊन हा. गाणी स्वतःची, मराठी. परळला जुन्या गिरणीच्या आवारातलं कॅफे, गिरगावात कुणाची तरी गच्ची—पन्नासेक माणसं जमली की चौघं खूश. झांज सोडून मी तोवर कॅमेरा घेतला होता. त्यांचा फोटोग्राफर झालो. फुकट. अंगात ते ढीगभर खिशांचं जाकीट, आणि एकाही खिशात काही नाही.

"दादा, माझापण एखादा काढ ना रे," संज्या म्हणायचा.

"मागे अंधार असतो रे. येत नाही."

येत होता. म्हणजे—कसं सांगू? सरळच सांगतो.

दादरच्या एका लहानशा हॉलमध्ये गाणारी पाणी प्यायला बाजूला झाली आणि तिच्यावरचा दिवा थेट संज्यावर पडला. मी बटण दाबलं. डोळे मिटलेले, डावा हात वर, पखवाजाला लावलेल्या कणकेचा बारीक तुकडा हवेत उडालेला, आणि चेहऱ्यावर असं काही—जे वाजवताना माझ्या चेहऱ्यावर कधीच आलं नसणार. मी काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो. बाहेर जिन्यात उभा राहून मी तो बराच वेळ बघत राहिलो. मग पुसला. कॅमेरा विचारतो हो—नक्की पुसायचा? मी हो म्हटलं.

आणि असा तो एकच फोटो नव्हता. संज्या चौकटीत आला की मी अर्धं पाऊल सरकायचो. तरीही आलाच, तर घरी बसून कड कापायचो. रागाने? नाही हो. अगदी शांतपणे, चहा पीत.

मग बाहेरगावच्या एका मोठ्या महोत्सवाला बँडने मी काढलेले फोटो पाठवले. बोलावणं आलं—तिघांना. तिकिटं तिघांची, खोल्या तिघांच्या. आयोजकांना फोटोत तिघंच दिसले होते, त्यांचं काय चुकलं? चौथा आहे असं कळवलं, तर उत्तर आलं की आता सगळं ठरलंय, तिघांतच भागवा. "जा रे तुम्ही," संज्या म्हणाला, "मी पुढच्या वेळी." तिथे तिघांचं छान जमलं. पुढची वेळ आलीच नाही.

हल्ली तो कॉटन ग्रीनला एका गोदामात सुपरवायझर आहे. पखवाज मंडळाला देऊन टाकला.

यंदा गणपतीत त्याच्याकडे जेवायला बसलो होतो. त्याच्या मुलीने, आर्याने, मोबाईलवर त्या बँडचे जुने फोटो उघडले. "यात बाबा कुठेत? थापा मारतात ना बाबा? काका, तुम्ही सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता किस्सा येणार म्हणून.

संज्याच बोलला. "अगं, मागे अंधार असायचा. काकाने किती खटपट केली माझ्यासाठी, विचार त्याला."

मी मान हलवली. वर माझ्या कॅमेऱ्यावर एक विनोदही केला. सगळे हसले. आर्या नाही हसली. ती बापाकडे बघत होती, थापाड्याकडे बघावं तशी—आणि तो खाली मान घालून माझ्या पानात आणखी एक मोदक वाढत होता.