लूप बसवला तो दिवस

दुसऱ्या बाळंतपणात पत्नी जेमतेम वाचली. पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून, तेव्हा नुकताच आलेला लूप बसवायचं आम्ही ठरवलं. आईला ते पटलं नसतं. कार्ल्याच्या देवीला जातो असं तिला सांगून बाळासह वडगावच्या दवाखान्यात गेलो. परतताना पत्नी म्हणाली, "आता देवीला जायलाच पायजे. खोटं पचायचं न्हाई." नर्सबाईंनी आज चढू नका म्हटलं होतं, म्हणून ती बाळाला घेऊन पायथ्याशी बसली. मी दर्शन घेऊन उतरलो, तर हसून म्हणाली, "लय येळ लावलात. दुसरी केली व्हय वर?" त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. ती वर्षं लूपनेच दिली असं मी मानतो. तरी पायऱ्यांवर एकट्याने घालवलेला तो तास मला अजून परत हवा आहे.