चेहऱ्यावरची पिवळी झाक

सगळे त्याला पारखी म्हणत. कॅमेऱ्यांवरच्या एका मासिकाचा तो परीक्षक. नवा मिररलेस कॅमेरा निघाला की आधी त्याच्या घरी यायचा, आठवडाभर मुक्काम ठोकायचा आणि मग परत जायचा. जावयाचेही एवढे लाड त्या घरात कधी झाले नसतील.

पारखीची पद्धत ठरलेली होती. खिडकीजवळ स्टूल, मागे पांढरी भिंत, स्टुलावर बायको आणि तिच्या हातात रंग जुळवायचं करडं कार्ड. मग कॅमेऱ्यातली एकेक सेटिंग लावून छोटे छोटे व्हिडिओ घ्यायचे: स्टँडर्ड, पोर्ट्रेट, व्हिव्हिड, न्यूट्रल, फ्लॅट. आठ वर्षांत चाळीसेक कॅमेरे तिच्यासमोरून गेले होते. "हिच्या चेहऱ्याचा रंग मला तोंडपाठ आहे," असं तो संपादकांना छातीठोकपणे सांगे. तिचं आणखी काय पाठ आहे, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

या वेळचा कॅमेरा मात्र वाकड्यात शिरला. भिंत पांढरी, कार्ड करडं, सगळं जिथल्या तिथे. चेहरा तेवढा पिवळट. पारखीने रंगांचा तोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, हाताने लावून पाहिला. कार्ड बिनचूक, चेहरा पिवळाच. खरं तर तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण चाळीस कॅमेऱ्यांचा अनुभव आड आला.

"अहो, दोन दिवस नुसतं मळमळतंय. जेवण समोर नको वाटतं," बायको स्टुलावरून म्हणाली.

"हलू नकोस. पण बोलत राहा, आवाजाचीही चाचणी होऊन जाईल."

"उभं राहिलं की पायात जीव नसतो हो."

पारखीने वहीत लिहिलं: आवाज स्वच्छ.

चौथ्या दिवशी त्याने कॅमेऱ्यातला निळा थोडा थोडा वाढवत नेला आणि चेहरा एकदाचा माणसात आणला. भिंत निळसर झाली, पण भिंतीला कोण बघतंय! वहीत निकाल उतरला: 'त्वचेला पिवळी झाक येते. रंगांवर भरवसा ठेवू नये.' मग त्याने कॅमेऱ्याचा पडदा बायकोपुढे धरला.

"बघ, कशी टवटवीत दिसतेस!"

तिने बघितलं. "खरंच की. म्हणजे बरीच असेन मी," ती म्हणाली आणि जाऊन पडली. अहवाल त्याच संध्याकाळी संपादकांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणी आली. तिने दारातच पिशवी टाकली. "ताई, डोळे बघ तुझे! पिवळेधम्मक झालेत! भाऊजी, तुम्ही घरातच असता ना हो?"

कावीळ होती, आणि चांगलीच मुरलेली. डॉक्टरांनी अंगठ्याने पापणी खाली ओढली आणि दोन सेकंदांत सांगितलं. त्यांना ना कार्ड लागलं ना खिडकी. "एवढे दिवस काय करत होता?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा 'कामात होतो' एवढं म्हणून पारखी बाहेर गेला. बायको आठ दिवस दवाखान्यात होती. पहिले तीन दिवस डॉक्टर नीट काही बोलत नव्हते. बाहेरच्या बाकावर बसून पारखी मनापासून घाबरला आणि तितकाच शरमला.

तिथूनच त्याने संपादकांना फोन लावला. "पिवळ्या झाकेचा परिच्छेद काढा. कॅमेरा खरं बोलत होता."

"काल परवा खोटारडा होता, आज हरिश्चंद्र? पुरावा काय?"

"रक्ताचा रिपोर्ट आहे," पारखी म्हणाला.

बायको सुखरूप घरी आली. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "रंग मूळपदावर यायला दिवस लागतील. लक्ष ठेवा." म्हणून दुसऱ्या दिवशी ती आपणहून स्टुलावर येऊन बसली. हातात कार्ड नव्हतं.

"बघा बरं. झाले का मी पहिल्यासारखी?"

पारखीने नुसत्या डोळ्यांनी बघितलं, बराच वेळ बघितलं. पिवळेपणा कमी झाला होता, एवढं कळलं. पण पहिल्यासारखी म्हणजे कशी, ते काही केल्या आठवेना. शेवटी त्याने कपाटातून जुने व्हिडिओ आणि जुन्या वह्या काढल्या. ती एकात गुलाबी होती, दुसऱ्यात गव्हाळ, तिसऱ्यात राखेसारखी. असे दोनशे चेहरे होते आणि वह्यांत प्रत्येकापुढे त्याच्याच अक्षरात काही ना काही दोष लिहिलेला होता. 'बरोबर' असं कुठेच नव्हतं.

"सापडला का रंग?" स्टुलावरून तिने विचारलं.

"शोधतोय," पारखी म्हणाला.