छापलेली आत्या

नागपूरला एम. ए. करत होतो तेव्हा वाटायचं, एखाद्या कॉलेजात शिकवीन आणि गोष्टी लिहीन. निकालात हातात पडला तिसरा वर्ग. माझ्या लिखाणाचं कौतुक करणारे प्राध्यापकसुद्धा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एखादी शाळा बघा." मी वाशीमच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो.

पहिल्याच वर्षी धनज गावी राहणाऱ्या माझ्या आत्यावर गोष्ट लिहिली. आई लवकर गेली, मला आत्यानंच वाढवलं. ऐन तारुण्यात विधवा झालेली ही बाई विहिरीवर धाकट्या भावजयीशी भांडायला लागली की बाकीच्या बाया घागरी भरायच्या विसरत. ते भांडण मी तिच्याच बोलीत उतरवलं. पुण्याच्या एका मासिकानं गोष्ट घेतली.

अंक आला, तो शाळेच्या व्हरांड्यात उभ्यानंच वाचला. गोष्टीवर नाव माझं होतं, पण आत्या पुण्याची झाली होती. 'मले काहून बोलतं वं?' असं मी लिहिलेलं, छापलं होतं 'मला का बरं बोलतेस?'

तरी दिवाळीत धनजला गेलो तेव्हा अंक सोबत नेला. आत्या ओट्यावर मूग निवडत होती. मी वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"कोन व्हय रे हे बाई?"

"आत्या, तूच तं हायेस."

"मी?" ती हसायला लागली. "मी कवा अशी बोलली? शिकेल-सवरेल बाई दिसते. चांगली हाय." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "लय मेहनत केली असशीन तू."

संपादकांना मी लिहिलं. उत्तर सौजन्याचं होतं: बोली वाचकांना कळत नाही, शिवाय कानाला बरी लागत नाही. पुढची गोष्ट पाठवताना एकही शब्द बदलू नये अशी विनंती केली. ती परत आली. दुसरीकडे पाठवली, तिथूनही आली. मग दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेनासा झाला, मासिकं पातळ होत गेली आणि उत्तरं यायचीही थांबली.

शाळेत मात्र माझं काम चोख चाललं होतं. मुलांच्या निबंधात 'मले' दिसलं की खोडायचं, वर 'मला' लिहायचं. 'करून राह्यला' दिसलं की 'करत आहे'. परीक्षेत त्यांचे गुण जायला नकोत म्हणून मी ते मन लावून करत असे. काही वर्षांनी घरी लिहायला बसलो, तर आत्याचं एक वाक्य सरळ उतरेना. मोठ्यानं म्हणून पाहिलं. आवाज मास्तरचाच निघाला.

आत्या एका पावसाळ्यात तापानं गेली. मी पोचलो तेव्हा अंगणात बाया तिचं नाव घेऊन, तिच्याशी भांडत रडत होत्या. "आमाले सोडून कायले गेली वं माय?" तिची भावजय ओरडत होती. मी खांबाला टेकून ऐकत राहिलो. यातलं काही लिहावं असं मनातसुद्धा आलं नाही.

नंतर मी गोष्ट लिहिली नाही. सुटी संपली तसा वाशीमला परतलो आणि नववीला समास शिकवायला घेतले.